सूक्ष्मनियंत्रकाचा स्फटिक कसा निवडावा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील बनशंकरी या वस्तीला तेथील देवीवरून नाव मिळाले आहे. देवीच्या मंदिरात राहुकाळी लिंबाच्या सालीत दिवे लावण्याची प्रथा आहे. राहुकाळ काढताना सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ आठ सारख्या भागांत वाटतात; दिनमान बारा तासांचे धरल्यास प्रत्येक भाग बरोबर दीड तासाचा येतो. याच वस्तीत अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. तेथील विद्यार्थ्यापुढे काळाच्या भागाकाराचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो: सूक्ष्मनियंत्रकास कोणत्या कंप्रतेचा स्फटिक जोडावा?

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे एकाच चिपवर सामावलेला लहानसा संगणक होय. त्याचे प्रत्येक काम ठरावीक ठोक्यावर चालते आणि हा ठोका त्याला बहुधा क्वार्ट्झ स्फटिकाच्या चकतीकडून मिळतो. काही स्फटिक दाबले असता त्यांच्यावर विद्युत्भार निर्माण होतो, हे प्येअर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच्या उलट, विद्युत्दाब दिला असता असा स्फटिक किंचित आकार बदलतो. त्यामुळे योग्य मंडलात बसविलेली चकती एका निश्चित गतीने कंप पावत राहते. एका सेकंदातील कंपनांची संख्या म्हणजे तिची कंप्रता.

इंटेल कंपनीने १९८० मध्ये ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक बाजारात आणला. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तो अनेक वर्षे शिकविला गेला. स्फटिकाचे बारा ठोके झाले की मूळ ८०५१ चे एक यंत्रचक्र पुरे होते. म्हणून १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक घेतल्यास एका चक्रास नेमका एक मायक्रोसेकंद लागतो. हिशेब सोपा आणि गतीही भरपूर; तेव्हा नवशिक्याला हाच स्फटिक उत्तम वाटावा, यात नवल नाही.

अडचण येते ती संगणकाशी तारेवरून बोलताना. समजा, सेकंदाला ९,६०० द्विमान अंक पाठवावयाचे आहेत. नेहमीच्या मांडणीत ८०५१ आपल्या स्फटिकाच्या कंप्रतेला प्रथम ३८४ ने भागतो आणि आलेल्या संख्येला पुन्हा एखाद्या पूर्णांकाने भागून ही गती मिळवतो. १,२०,००,००० ला ३८४ ने भागले की ३१,२५० येतात. त्यांना तीनने भागल्यास सुमारे १०,४१७, तर चारने भागल्यास सुमारे ७,८१३ मिळतात. ९,६०० काही केल्या येत नाहीत. तीनचा भाजक घेतला तरी गती साडेआठ टक्क्यांनी अधिक होते.

ही चूक कोठे नडते? ग्राहक यंत्र प्रत्येक अक्षराच्या आरंभखुणेपासून आपल्या घड्याळाने काळ मोजते आणि प्रत्येक अंकाच्या मध्यावर त्याची नोंद घेते. प्रेषक साडेआठ टक्के पुढे धावत असेल, तर आठ अंकांपैकी सहाव्याच्या वेळी ग्राहक सातवाच अंक वाचतो आणि पडद्यावर भलतेच अक्षर उमटते. यात स्फटिकाचा दोष नाही. त्याची स्वतःची चूक दहा लाखांत काही दशक कंपनांहून अधिक नसते. चूक आहे ती भागाकाराची.

आता ११.०५९२ मेगाहर्ट्झ ही विचित्र दिसणारी संख्या पाहू. १,१०,५९,२०० ला ३८४ ने भागल्यास २८,८०० येतात आणि त्यांना तीनने भागल्यास नेमके ९,६००. सहाने भागल्यास ४,८००, तर बाराने भागल्यास २,४०० मिळतात. शिवाय या स्फटिकावर सेकंदास ९,२१,६०० यंत्रचक्रे होतात. ४६,०८० चक्रे वीस वेळा मोजली की बरोबर एक सेकंद भरतो. म्हणजे घड्याळही बिनचूक चालविता येते.

मनगटी घड्याळातील स्फटिकाची कंप्रता ३२,७६८ हर्ट्झ असते, तीही अशाच कारणाने. तिला पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला एक ठोका उरतो. कंप्रता अल्प असल्याने वीजही थोडी खर्च होते. वेगवान ठोक्याला अधिक वीज लागते.

नंतरच्या अनेक चिपांत कंप्रता गुणून घेण्याची किंवा अपूर्णांकाने भागण्याची सोय झाली, त्यामुळे हे बंधन बरेच सैल झाले. तथापि निवडीचा क्रम बदललेला नाही. आपल्या यंत्राला बाहेरच्या जगाशी कोणत्या गतींनी व्यवहार करावयाचा आहे, हे प्रथम लिहून काढावे. त्या सर्व गती ज्या कंप्रतेतून निःशेष निघतात त्या शोधाव्यात. आणि चिपची मर्यादा व विजेचा खर्च पाहून त्यांतील एक घ्यावी. सर्वांत मोठी किंवा सर्वांत सुटसुटीत संख्या ही सर्वांत योग्य संख्या असतेच असे नाही.