फ्लॅशच्या जुन्या वायरची दुरुस्ती

घरांतील जुना कॅमेरा काढला, तर फ्लॅशच्या वायरचें रबर पुष्कळदां तडकलेलें आढळतें. हवेंतील प्राणवायूमुळें रबर कालांतरानें कडक होऊन चिरतें. मग आंतील तारा एकमेकींस भिडतात आणि कळ न दाबतांच फ्लॅश लखकन् पेटतो.

दुरुस्तीपूर्वीं वायर दोन्हीं टोंकांस सोडवावी. कारण विद्युत् फ्लॅशमधील संधारक बटण बंद केल्यावरहि शेंकडों व्होल्टांचा भार धरून राहूं शकतो. फ्लॅशची पेटी मुळींच उघडूं नये.

तडकलेला भाग कापावा. आधीं उष्णतेनें आकसणाऱ्या नळ्या तारांवर ओवाव्या, मग डाख द्यावा. हा क्रम चुकल्यास सांधा उघडाच राहतो. दोन तारांचे सांधे शेजारीं न आणतां मागेंपुढें ठेवावे व नळ्या तापवून घट्ट बसवाव्या. आवरण जागोजागीं तडकलें असल्यास नवी वायर घेणेंच श्रेयस्कर. विद्यार्थ्यांनीं हें काम वडील मंडळींच्या देखरेखीखालींच करावें.