रंगीत लाकडांची गिटार

ज्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, अर्थकारण आणि आरोग्य ह्या विषयांवर व्याख्याने ऐकता, त्यावर गिटार घेऊन येणाऱ्या माणसाकडे थोडे संशयाने पाहिले जाणे साहजिक आहे. आम्ही आत येत असताना दाराशी एका गृहस्थांनी विचारलेच, "कुठल्या कंपनीची?" आम्ही म्हणालो, "वराळ्याची." त्यांना ती थट्टा वाटली. पण ही इलेक्ट्रिक गिटार खरोखरच तळेगावजवळच्या वराळ्यात, आमच्या घराच्या पडवीत तयार झालेली आहे. पिवळा, तांबूस, काळसर, दुधी असे जे पट्टे आपल्याला तिच्यावर दिसतात त्यांत रंगाचा एक थेंबही नाही. ती पाच झाडांची स्वतःची कांती आहे. हेही सांगून टाकतो, की ही आमची दुसरी गिटार. पहिली माळ्यावर पडून आहे, आणि आजच्या विषयातला खरा धडा तिच्यापाशी आहे.

मावळाला कारागिरीचे वावडे कधीच नव्हते. लोकांनी एकेक पैसा दिला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला, ही हकीकत येथल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पुढे ओघात आम्हांला काचेचे नाव पुन्हा घ्यावे लागणार आहे, म्हणून एवढा उल्लेख.

प्रथम ह्या वाद्याचा आवाज येतो कुठून ते पाहू. आपला तंबोरा घ्या. तार छेडली की तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते, तबली हवा हलवते आणि भोपळ्याच्या पोटात नाद घुमतो. मिरजेचे कारागीर तुंबा निवडताना जो डोळा वापरतात तो ह्याचसाठी. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातून फरीदसाहेबांसारखे तंतुवाद्यांचे कारागीर निघाले आणि मिरजेचे नाव गायनाच्या दुनियेत पसरले. २०२४ साली तेथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या वाद्यात लाकूड आणि भोपळा हेच आवाजाचे घर.

इलेक्ट्रिक गिटारीचे तसे नाही. हिच्या तारा पोलादाच्या, आणि त्यांच्याखाली पिकअप नावाची एक लहानशी डबी बसवलेली असते. डबीत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की चुंबकीय क्षेत्र थरथरते, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हा फॅरेडेचा १८३१ सालचा शोध. ती सूक्ष्म वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाढवून कर्ण्याला दिली की झाला आवाज. वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला 'बेंजो' म्हणतो ते वाद्य आठवा. ते मूळ बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज १९१२ साली जपानात नागोयाला जन्मलेला. त्याच्या तारांखाली आपल्याकडच्या पोरांनी पिकअप बसवला तेव्हा त्यांनी हेच तत्त्व राबवले. इलेक्ट्रिक गिटार आपल्या गल्लीत केव्हाच येऊन गेली आहे, तिचे नाव तेवढे वेगळे होते.

आता प्रश्न असा, की आवाज जर तारेच्या कंपनातून थेट विजेत उतरतो, तर खाली लाकूड कोणते आहे ह्याला महत्त्व किती? अमेरिकेत लेस पॉल नावाच्या वादकाने १९४१ च्या सुमारास एका चौकोनी पाइनच्या ओंडक्याला गिटारची दांडी, तारा आणि पिकअप जोडले. वाद्य उत्तम वाजले. पण लोकांना ते बघवेना. तेव्हा त्याने एक जुनी गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन बाजूंना पंखांसारखे चिकटवले आणि श्रोत्यांचे समाधान झाले. वादक मंडळी आजही अमक्या लाकडाचा सूर गोड आणि तमक्याचा कोरडा असे वाद घालतात. थोडा फरक पडत असेलही. आमचे मत असे, की भरीव गिटारीच्या धडाचे लाकूड कानापेक्षा डोळ्यांसाठी अधिक असते, आणि घरी वाद्य करणाऱ्याला ही मोठी सोय आहे. त्याला तुंबा शोधत हिंडावे लागत नाही.

घरी केलेल्या गिटारींत सर्वांत नावाजलेली इंग्लंडमधील ब्रायन मे ह्यांची. १९६३ साली शाळकरी वयात त्यांनी वडिलांच्या मदतीने ती करावयास घेतली, कारण विकत घेण्याची ऐपत नव्हती. दांडी एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची. तिच्यात किड्यांनी पाडलेली भोके त्यांनी आगकाड्यांनी बुजवली. दांडीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या, आणि तारा सैल-ताठ करणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. हीच गिटार पुढे 'क्वीन' ह्या बँडमधून जगभर वाजली. आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा, हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला व पहिल्या बँडमध्ये वाजवू लागला तो तेथेच!

इतके सारे वाचून आम्ही पहिली गिटार केली. कारण घरगुतीच होते. पुतण्याला गिटार हवी होती आणि दुकानातली किंमत ऐकून त्याच्या वडिलांनी विषय बदलला होता. आम्ही मोठ्या तोऱ्यात "मी करून देतो" म्हणालो. एका वखारीतून ताज्या चिरलेल्या फळ्या आणल्या. रंग पाहून निवडल्या, हे येथे मुद्दाम सांगतो. पिवळाधमक हेदू, ज्याला काही ठिकाणी हळदू म्हणतात, आणि त्याच्या शेजारी शिसवीची जांभळट काळी पट्टी. वैशाखात जोडकाम झाले. जो येई तो हात फिरवून जाई.

पाऊस लोणावळ्याला कोसळतो आणि वराळ्यापर्यंत येईतो त्याचा जोर ओसरतो, हे खरे; पण हवेतला दमटपणा ओसरत नाही. आषाढात धडाच्या एका सांध्याला बोटाला लागेल अशी कड उमटली. दिवाळीनंतर कोरडे वारे सुटले आणि तोच सांधा उघडला. नखच आत गेले. दांडी तर धनुष्यासारखी वाकली, तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या की दाबताना पोराच्या बोटांना फोड आले. तो काही बोलला नाही. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. आम्हांला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

चूक वखारवाल्याची नव्हती. लाकूड झाड तुटल्यावरही हवेतले पाणी घेते आणि सोडते. तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत बदलते, आणि तेही सर्वत्र सारखे नाही. वाढीच्या वर्तुळांना धरून जी फुगवट येते ती केंद्राकडून सालीकडे येणाऱ्या फुगवटीच्या साधारण दुप्पट. म्हणून ज्या फळीच्या टोकाशी वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतात ती शांत, आणि आडव्या कमानीसारख्या दिसतात ती फळी वाकडी होणारी. दोन भिन्न स्वभावांची ओली लाकडे एकमेकांना चिकटवून आम्ही त्यांचे भांडण लावून दिले होते. त्यात सहा तारांची ओढ सगळी मिळून पंचेचाळीस किलोच्या घरात. तेवढे वजन त्या बारीक दांडीला रात्रंदिवस ओढत असते.

दुसऱ्या खेपेस आम्ही रंग मागे ठेवून वय विचारले. गावातले एक जुने घर पाडले जात होते, त्याच्या चौकटीचा साग मिळाला, त्याची दांडी. कोकणातल्या आत्याकडचे फणसाचे दोन पाट, ज्यांवर आमच्या तीन पिढ्या जेवल्या, ते तिने हसत दिले. हेदू एका फुटक्या पेटीच्या फळ्यांतून निघाला आणि शिसव एका पलंगाच्या कडेतून. धडाच्या गाभ्यासाठी शिवण घेतली. ती हलकी आणि हवेतल्या बदलाला फारशी न जुमानणारी. शिसवीचे वजन तिच्या दीडपटीहून अधिक, तेव्हा सबंध धड शिसवीचे केले असते तर वादकाचा खांदा गेला असता. हीही लाकडे आम्ही माळ्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा ठेवून मगच चिरली. दांडी अखंड न करता तीन पट्ट्या जोडून केली, मधल्या पट्टीची वर्तुळे उलटी फिरवून, म्हणजे एक पट्टी वाकू लागली तर शेजारीण तिला धरते. पोटात ताण सावरणारी पोलादी सळई आहेच. साग तेलकट असतो. सरस लावण्यापूर्वी स्पिरिटच्या फडक्याने सांधा पुसला नाही तर जोड फसवा होतो.

शिसवीविषयी एक गोष्ट ऐकून ठेवण्यासारखी आहे. जगातल्या असंख्य गिटारींच्या दांडीवर, जेथे बोटे चालतात तेथे, जी काळी पट्टी असते ती पुष्कळदा आपल्या भारतातल्या शिसवीची असते. ह्या जातीच्या सर्व झाडांचा व्यापार २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रणाखाली आला. पुढे २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. तेव्हा जुना पलंग मोडताना त्याची कड चुलीत घालू नका, एवढी विनंती.

आता पडदे. सतारीचे पडदे तातीने बांधलेले असतात, चुकले तर सरकवता येतात. गिटारीचे पडदे लाकडात करवतीने खाच पाडून ठोकलेले; चुकले तर चुकले. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे म्हणजे दर पडद्यागणिक उरलेल्या तारेला १७.८१७ ने भागावयाचे. आमच्या तारेची लांबी ६५० मिलिमीटर. पहिला पडदा ३६.४८ वर, दुसरा त्यापुढे ३४.४३ वर, असे करीत बारावा बरोबर अर्ध्यावर, ३२५ वर आला पाहिजे. पण ह्यात एक सापळा आहे. प्रत्येक अंतर मागच्या पडद्यापासून मोजले तर केसाएवढी चूक बारा वेळा साठते. म्हणून सगळी मापे वरच्या टोकाच्या पट्टीपासूनच घ्यावीत, आणि खुणेसाठी शिसपेन्सिल न वापरता पातीचे टोक वापरावे. ह्या कामाला आम्हांला दोन रात्री लागल्या आणि घरात कोणी आमच्याशी बोलण्याचे धाडस केले नाही.

रंगीत लाकडांची खरी परीक्षा शेवटच्या घोटकामात. काचकागदाने घासू लागलात की शिसवीची काळी पूड शिवणीच्या आणि हेदूच्या रंध्रांत शिरते आणि सगळा दिमाख मळका होतो. मग कितीही पुसा. ह्याला उपाय दोन. फिक्या लाकडावर लाखेचा एक पातळ हात आधीच द्यावा, म्हणजे रंध्रे मिटतात. आणि शेवटी कागदाऐवजी काचेच्या ताज्या तुकड्याच्या धारेने खरवडावे. पूड न होता कांद्याच्या पापुद्र्यासारखे तलम पापुद्रे निघतात. जुने सुतार हेच करीत. (तळेगावच्या काचेची आठवण येथे झाली.) शिसवीची पूड नाकात आणि कातडीवर चावते, तेव्हा तोंडावर फडके बांधावे.

वर काय लावावे? बाजारातला जाड चकचकीत थर आम्हांला आवडत नाही. लाकूड बरणीत घातल्यासारखे दिसते. आम्ही चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने वीस-पंचवीस हात दिले, दर हातानंतर वाळू देऊन. हे काम श्रावणात करू नये. दमट हवेत लाखेवर पांढरी धुरकट साय धरते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. आणि जवसाच्या तेलाचे फडके वापरले असेल तर त्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका; तेल वाळताना तापते आणि फडके आपोआप पेटते. ते उघडे पसरून वाळत घालावे.

विजेच्या भागाचे थोडक्यात सांगतो. पिकअप आम्ही विकत घेतला. वेटोळे स्वतः गुंडाळून पाहिले होते, तार चार हजार वेढ्यांवर तुटली. एकेरी वेटोळे आपल्या घरातल्या ५० आवर्तनांच्या विजेची गुणगुणही पकडते. म्हणून उलट-सुलट गुंडाळलेली दोन वेटोळी शेजारी बसवतात, म्हणजे गुणगुण एकमेकांना खोडते आणि सूर उरतो. ही युक्ती अमेरिकेत सेथ लव्हर ह्यांनी १९५५ साली बसवली.

ही गिटार आता दोन पावसाळे पाहून झाली आहे. फणस आणि हेदू उजेडाने थोडे गडद झाले, शिसवीचा जांभळेपणा तपकिरीकडे झुकला; रंगीत लाकडाचे रंग करतानाचे कधी राहत नाहीत, हे तिला पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. सांधे मिटलेले आहेत. दांडीची सळई आम्ही दोनदा पाव आटा फिरवली, एकदा आषाढात आणि एकदा मार्गशीर्षात. ती आज आमच्या हाती आहे ती पुतण्याने संध्याकाळपुरती दिली म्हणून. रात्री साडेनऊच्या आत परत हवी, असे त्याने बजावले आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हात लावून पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पुढे यावे. अंगठी असेल तर मात्र काढून ठेवावी, लाखेवर ओरखडा लगेच उमटतो.