निकालाआधीचा सण

डिसेंबर संपत आला की मनुष्यप्राण्याला सुधारण्याची लहर येते. वर्षभर ज्याने सातच्या आत अंथरूण सोडलेले नसते, तो पहाटे पाचचा गजर लावतो. ज्याची दैनंदिनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापलीकडे कधी गेलेली नसते, तो नवी कोरी दैनंदिनी विकत घेतो. चहा सोडण्याचा संकल्प तर बहुधा चहा पीत पीतच सोडला जातो. पहिल्या चार पानांवर व्यायाम, वाचन आणि मितभाषण यांच्या नोंदी होतात. पाचव्या पानापासून दूधवाल्याचा हिशेब सुरू होतो. तरीही पुढच्या डिसेंबरात हाच गृहस्थ तितक्याच उत्साहाने दुकानाची पायरी चढतो. मनुष्य हा मुळात आशावादी आहे, याला याहून सबळ पुरावा कोणता हवा?

आत्मसुधारणेचा हा सोस नवा नाही. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात तेरा सद्गुणांची यादी करून वहीत रकाने आखले होते, आणि ज्या गुणाचा भंग होई त्यापुढे तो काळा ठिपका देत असे. सर्वांत अधिक छळले ते टापटिपीने, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. टेबलावर फायलींचे डोंगर रचून बसलेल्या कारकुनांना यातून थोडा दिलासा मिळण्यासारखा आहे. मराठी माणसाला मात्र यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. मराठवाड्यातल्याच जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे इतक्या सविस्तर सांगून ठेवली आहेत की, ती वाचताना प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो. एवढ्यावर न थांबता समर्थांनी एक सबंध समास लेखनक्रियेला दिला. बरू कसे निवडावेत आणि अक्षर कसे घोटावे, इथपर्यंतचा तपशील त्यात आहे. आपले अक्षर सुधारता येते, ही श्रद्धा बाळगणारा समाज निराशावादी कसा म्हणावा?

तेव्हा सुधारण्याच्या इच्छेत काही गैर नाही. चूक होते ती हिशेबाच्या मांडणीत. मध्यमवर्गीय घरात आनंद हा नेहमी शेवटच्या रकान्यात, निकालाच्या पुढे मांडलेला असतो. आधी परीक्षा, मग खेळ. आधी बढती, मग सहल. आधी मुलीचे लग्न, मग तीर्थयात्रा. आधी निवृत्ती, मग कपाटात वर्षानुवर्षे वाट पाहत असलेली पुस्तके. निवृत्ती येते तेव्हा चष्म्याचा नंबर वाढलेला असतो आणि पुस्तकांना कसर लागलेली असते. आनंद ही जणू सरकारी थकबाकी. मंजूर झालेली, पण हाती न पडलेली.

हा हिशेब उलटा मांडणारा एक सण लातूर जिल्ह्यात दरवर्षी नव्या दैनंदिन्यांच्याच हंगामात येतो. मार्गशीर्षातली अमावास्या पंचांगात दर्श वेळा अमावास्या म्हणून नोंदलेली असते. लोकांच्या तोंडी तिचे नाव वेळ अमावास्या, आणि त्याहून जिव्हाळ्याने ‘येळवस’. लातूर आणि धाराशिव हे तिचे माहेर. नांदेड, बीड आणि सोलापूर जिल्ह्यांच्या लगतच्या भागांतही ती साजरी होते. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच तिथी एळ्ळ अमावास्या म्हणून पाळली जाते. या दिवशी लातूर शहरातल्या एरवी गजबजलेल्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो. स्थानिक सुटी जाहीर झालेली असते, दुकाने बंद असतात, आणि सारे शहर डोक्यावर गाठोडी घेऊन शिवाराकडे निघालेले असते. ज्याला स्वतःचे शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेताचे निमंत्रण असते. निमंत्रण देणारा तहसीलदार आणि शिपाई असा भेद सहसा करीत नाही.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली असते. तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्याकावेने रंगवून मांडतात आणि लक्ष्मीसह त्यांची पूजा करतात. नैवेद्याला भज्जी हवीच. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे कोवळे हिरवे दाणे आणि मिळतील तितक्या भाज्या बेसनात एकजीव झालेली ही भज्जी, जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदग्यातले आंबट, गार आंबील. जेवण अर्थातच गळ्याशी येईपर्यंत होते. आंबील हे उन्हात झोप आणणारे पेय असल्याचा शोध लावायला शास्त्रज्ञ लागत नाही. दिवस कलला की गवताची पेंढी पेटवून ती उभ्या पिकाभोवती फिरवली जाते, आणि लोक घरी परततात.

या सणाचा मुहूर्त मोठा विचार करायला लावणारा आहे. दसरा-दिवाळी येते तोवर खरिपाचे बरेचसे धान्य दृष्टीच्या टप्प्यात आलेले असते. पोळा हा बैलांच्या झालेल्या श्रमांचा गौरव आहे. येळवशीला मात्र शेतकऱ्याच्या हाती काहीच नसते. रबीची ज्वारी पोटरीत असते, हरभऱ्याचे घाटे भरायचे असतात, गव्हाला ओंबी धरायची असते. पीक घरात येण्याआधी थंडी, धुके, अवकाळी पाऊस, गारपीट आणि सरतेशेवटी बाजारभाव एवढ्या परीक्षा बाकी असतात. अशा वेळी तो सगळ्या गोताला शेतात बोलावून जेवू घालतो. पीक आल्यावर आनंद करणे कोणालाही जमते. अर्ध्या वाढलेल्या पिकाच्या बांधावर बसून पोटभर जेवायला निराळी हिंमत लागते.

या हिमतीला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे. पण भाबडे राहण्याची सोय या भूमीने कोणाला ठेवलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि हजारो माणसे स्वतःच्या घरांच्या दगडमातीखाली झोपेतच गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागविण्यासाठी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून आलेले पाणी होते पाच लाख लिटर. ज्या मुलखातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या, तिथे व्यासपीठावरून ‘हसा आणि आनंदी राहा’ असा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल. भिंतीवर टांगायच्या सुविचारांनी विहिरीला पाणी लागत नाही. कर्ज, पाणी आणि भाव यांचे प्रश्न सणाने सुटत नाहीत. ते सोडवायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना येळवशीच्या जेवणानंतरही झोप लागता कामा नये.

आशावाद या शब्दाचा अर्थ मात्र या शिवारात नीट कळतो. ‘सगळे चांगलेच होणार’ असे मानणारा मनुष्य आशावादी असतोच असे नाही; तो कदाचित आळशी असेल. पाऊस लहरी आहे हे पुरते ठाऊक असूनही जो तिफण जुंपतो, तो खरा आशावादी. पेरणी ही त्याची कृती आणि येळवस हा त्याचा विसावा. विसाव्यावाचून पुढच्या पेरणीला बळ येत नाही, हे या भागातल्या जुन्या माणसांनी ओळखले होते.

गंमत अशी की, निकालाआधीचा हा सण ज्या शहराचा, तेच शहर महाराष्ट्रात निकालांसाठी प्रसिद्ध आहे. बारावीच्या गुणवत्ता याद्या लागत होत्या त्या काळात ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घरोघर पोचला. याद्या इतिहासजमा झाल्या, पॅटर्न राहिला. डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्यासाठी दूरदूरच्या गावांतून मुले येथे येतात, आणि शेजारच्या नांदेडातही शिकवण्यांच्या वर्गांची अशीच गर्दी असते. या मुलांच्या कष्टांची चेष्टा कोणी करू नये. अनेकांच्या मागे कोरडवाहू शेत आहे, आणि त्या शेतातल्या आईबापांची सगळी पेरणी या एकाच रोपावर झालेली आहे. म्हणूनच या रोपाला दोन घटका मोकळे ऊन मिळते की नाही, ही चौकशी शिक्षकांनी आणि पालकांनी करायला हवी. चाचणीत किती गुण पडले हे रोज विचारले जाते. आज काय पाहून हसू आले हे कोणी विचारीत नाही. गुणांवरच ज्याचा आनंद टांगलेला असतो, त्याला एका वाईट निकालाने सारे आयुष्य नापास झाल्यासारखे वाटते.

निकाल आणि मोठेपण यांचा संबंध किती सैल असतो, हे नांदेडने जवळून पाहिले आहे. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झाले. अभ्यासक्रमात नसलेली पुस्तके आवडीने वाचण्याचे व्यसन मात्र त्यांनी सोडले नाही. पुढे हेच गृहस्थ नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत अनेक विषयांवर त्यांनी महाराष्ट्राला विचार करायला लावले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची पन्नाशीही पूर्ण झालेली नव्हती. वाचनाचा आनंद त्यांनी निवृत्तीपर्यंत राखून ठेवला असता तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते! नापास होणे हा काही विद्वत्तेचा राजमार्ग नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. पण आवडीने केलेले वाचन कोणत्याही निकालात वाया जात नाही.

लहानसहान सुखांना याहून मोठे समर्थन लागत नाही. येळवशीच्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या बाजारात घोडे, उंट, गाढवे असा सारा लवाजमा दाखल होतो. सायकलचे पंक्चर काढतानाही कुरकुरणारा गृहस्थ तिथे अस्सल घोड्याचे दात तपासतो, चाल पाहतो, किंमत विचारून नापसंतीने मान हलवतो आणि तृप्त होऊन परततो. त्याला घोडा घ्यायचा नसतोच. घडीभर घोडा घेऊ शकणारा माणूस होण्याचे सुख त्याला फुकट मिळालेले असते. एसटीत खिडकीजवळची जागा, माघातल्या सकाळी शेतातला गरम हुरडा, गोदावरीच्या घाटावरचा संध्याकाळचा वारा, वर्गातल्या शेवटच्या बाकावरून अनपेक्षितपणे आलेले बरोबर उत्तर, ही सारी सुखे याच जातीची. त्यांना अर्ज लागत नाही आणि वरिष्ठांची शिफारसही लागत नाही.

नव्या वर्षाच्या दैनंदिनीत म्हणूनच एक लहानशी दुरुस्ती करून पाहावी. पहाटेचा गजर, व्यायाम, इंग्रजीचे रोजचे दहा शब्द हे सगळे असू द्यावे. त्यातले निम्मे टिकले तरी पुष्कळ झाले. मात्र मार्गशीर्षातल्या अमावास्येची तारीख आधी शोधून तिच्याभोवती लाल शाईने गोल करावा आणि त्या पानावर कोणताही संकल्प लिहू नये. कोणाच्या तरी शेतात पान मांडलेले असेल. पीक कसे येईल, हे फाल्गुनात कळेलच.