‘खिमार’ शब्दाचा अर्थ आणि शिरोवस्त्राचा प्रश्न

इस्लाम धर्माने स्त्रियांना केस झाकणे आवश्यक ठरविले आहे काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत न्यायालयांत, वृत्तपत्रांत आणि शाळांच्या दारांतही वारंवार उपस्थित झालेला आहे. त्याला मिळणारी उत्तरे बहुधा दोनच प्रकारची असतात. एक पक्ष म्हणतो, कुराणात ही आज्ञा अगदी स्पष्ट आहे. दुसरा म्हणतो, कुराणात असे काहीच नाही. दोन्ही विधाने मोठ्या निश्चयाने केली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. याचे कारण असे की, एका प्रश्नाच्या पोटात येथे तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. मूळ ग्रंथात काय म्हटले आहे, हा पहिला. त्यावरून शास्त्रकारांनी कोणता नियम काढला, हा दुसरा. आणि त्या नियमाची सक्ती किंवा मनाई तिसऱ्या कोणी करावी काय, हा तिसरा. हे तीन प्रश्न वेगळे करून पाहिले, तर वाद मिटणार नाही. पण तो नेमका कोठे आहे, हे तरी कळेल. वर्गात सर्व धर्मांची मुलेमुली ज्यांच्यासमोर बसतात, त्या शिक्षकांस एवढे कळणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत आपण गोषा, पडदा, बुरखा आणि अलीकडे हिजाब हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘गोषा’ हा फारसी ‘गोशा’, म्हणजे कोपरा वा एकांत, यावरून आला. तो मुळात वस्त्राचा वाचक नसून स्त्रियांनी घराच्या एका भागात राहण्याच्या रीतीचा वाचक आहे, आणि ती रीत ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठा सरदार घराण्यांतही होती. ‘बुरखा’ सर्वांग झाकतो, बहुधा चेहराही. ‘हिजाब’ हा शब्द कुराणात सात ठिकाणी येतो. परंतु त्यांपैकी एकाही ठिकाणी तो डोक्यावरच्या वस्त्राला उद्देशून नाही. त्याचा अर्थ आड, अडसर, किंवा आपल्या नित्याच्या शब्दात सांगायचे तर अंतरपट. तेहतिसाव्या अध्यायाच्या त्रेपन्नाव्या वचनात, पैगंबरांच्या पत्नींकडे काही मागावयाचे असल्यास ते अशा पडद्याआडून मागावे, असे पाहुण्यांस सांगितले आहे. तेथे हा शब्द घरातील पडद्याचा आहे, पोषाखाचा नव्हे. तेव्हा आज ज्याला हिजाब म्हणतात त्या शिरोवस्त्राचा आधार या शब्दात शोधून मिळणार नाही. तो ‘खिमार’ या दुसऱ्याच शब्दात शोधावा लागतो.

हा शब्द कुराणाच्या ‘नूर’ नावाच्या चोविसाव्या अध्यायात, एकतिसाव्या वचनात अनेकवचनी रूपाने येतो. त्याच्या आधीचे तिसावे वचन पुरुषांस उद्देशून आहे, हे पुष्कळदा विसरले जाते: त्यांनी आपली दृष्टी आवरावी आणि शील राखावे, असा त्याचा आशय आहे. पुढच्या वचनात हीच गोष्ट स्त्रियांस सांगून आणखी दोन सूचना केल्या आहेत. जे सहजच दृष्टीस पडते त्यावाचून आपली शोभा त्यांनी प्रकट करू नये, ही एक; आणि आपले खिमार ‘जैब’वर ओढून घ्यावेत, ही दुसरी. पती आणि निकटचे आप्त यांच्यापुरती यातून सवलत आहे.

यातील दोन्ही शब्दांचे नातलग आपल्या परिचयाचे आहेत. ‘जैब’ म्हणजे वस्त्राचा गळ्याजवळचा, छातीवरचा छेद. उर्दू-हिंदीतील ‘जेब’ याच शब्दापासून झाला. ‘खिमार’ हा झाकणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. बुद्धीला झाकते म्हणून मद्याला अरबीत ‘खम्र’ म्हणतात, असे त्या भाषेचे कोशकार सांगतात, आणि आपली ‘खुमारी’ही त्याच कुळातली. धात्वर्थ केवळ ‘आच्छादन’ असला, तरी रूढ अरबी वापरात खिमार म्हणजे स्त्रीने डोक्यावर घ्यावयाचे वस्त्र, याविषयी जुन्या कोशकारांत फारसे दुमत नाही. बाराव्या शतकातील भाष्यकार जमख्शरी याने त्या काळची वेषपद्धती सांगितली आहे: स्त्रियांच्या वस्त्रांचे गळे रुंद असत आणि डोक्यावरचे वस्त्र त्या मागे पाठीवर सोडीत, त्यामुळे गळा व छाती उघडी राही. ते वस्त्र पुढे घेण्यास या वचनाने सांगितले.

वादाचे मर्म येथेच आहे. एका घरगुती उदाहरणाने ते स्पष्ट होईल. घरातील वडीलधारी बाई सुनेला म्हणते, ‘पदर नीट पुढे ओढून घे.’ या वाक्यात पदर असावा अशी आज्ञा आहे काय? शब्दशः पाहता नाही. पदर आहेच, हे तिने गृहीत धरले आहे, आणि आज्ञा आहे ती तो पुढे घेण्याची. परंतु पदर नसला तरी चालेल, असेही ती म्हणत नाही. उद्या त्या सुनेने पदर नसलेला, पण गळ्यापर्यंत अंग झाकणारा वेष केला, तर सासूची आज्ञा पाळली गेली की मोडली? आज्ञेचा हेतू अंग झाकणे एवढाच होता असे मानणारा म्हणेल, पाळली गेली. आज्ञेत जे गृहीत धरले तेही आज्ञेचाच भाग होय असे मानणारा म्हणेल, मोडली. चोविसाव्या अध्यायातील या वचनाविषयीचे दोन पक्ष नेमके असेच आहेत. वचनात ‘केस’ हा शब्द नाही, हे खरे. वचनात डोक्यावरचे वस्त्र आहे, हेही खरे.

याच्या जोडीला तेहतिसाव्या अध्यायाचे एकोणसाठावे वचन घेतले जाते. घराबाहेर पडताना स्त्रियांनी आपला ‘जिल्बाब’, म्हणजे अंगावरची मोठी चादर, अंगाजवळ ओढून घ्यावी, असे त्यात म्हटले असून कारणही दिले आहे: त्या ओळखल्या जाव्यात आणि त्यांना उपद्रव होऊ नये. वृद्ध स्त्रियांस बाहेरील वस्त्रांविषयी चोविसाव्या अध्यायाच्या साठाव्या वचनात सवलत दिलेली आहे. केसांचा प्रत्यक्ष निर्देश यांपैकी कोठेही नाही.

कुराणानंतर हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व आचरण यांविषयीच्या परंपरा. बुखारीच्या संग्रहात हजरत आयेशा यांच्या नावे अशी आठवण आहे की, खिमारविषयीचे वचन येताच स्थलांतरित स्त्रियांनी आपली वस्त्रे फाडून त्यांनी स्वतःला आच्छादून घेतले. प्रौढ स्त्रीची प्रार्थना खिमारावाचून स्वीकारली जात नाही, असा अर्थ असलेली परंपराही संग्रहांत आहे. सर्वांत स्पष्ट अशी परंपरा अबू दाऊदच्या संग्रहात सापडते: वयात आलेल्या स्त्रीचा चेहरा व हात यांवाचून काही दिसू नये, असे पैगंबरांनी अस्मा यांना सांगितले. परंतु ही परंपरा सांगणाऱ्यांची साखळी तुटलेली आहे, तिच्यातील एका कथनकर्त्याची आयेशांशी भेट झालेली नव्हती, हे खुद्द अबू दाऊदनेच नोंदविले आहे. नवव्या शतकातील संग्राहकाचा हा प्रामाणिकपणा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता दुसरा प्रश्न: शास्त्रकारांनी काय ठरविले? येथे उत्तर बरेच निःसंदिग्ध आहे. हनफी, मालिकी, शाफिई व हनबली हे सुन्नींचे चारही संप्रदाय आणि शियांचा जाफरी संप्रदाय यांच्या मते स्वतंत्र, प्रौढ मुसलमान स्त्रीने परपुरुषांसमोर केस झाकणे आवश्यक आहे. त्यांचा मतभेद चेहऱ्याविषयी आहे, हातांविषयी आहे, हनफींत तर पावलांविषयीही आहे, केसांविषयी नाही. अकराव्या शतकात अंदलुसी पंडित इब्न हज्म याने, ज्या बाबतींत शास्त्रकारांचे एकमत आहे त्यांच्या यादीत हा नियम घातला आहे. तेव्हा ‘परंपरागत इस्लामी धर्मशास्त्रात असा नियम नाही’, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल.

मात्र त्या नियमातील ‘स्वतंत्र’ या विशेषणावरून घाईने पुढे जाऊ नये. दासी असलेल्या मुसलमान स्त्रीला हा नियम सामान्यतः शास्त्रकारांनी लावला नाही. दासीने स्वतंत्र स्त्रीप्रमाणे डोके झाकले म्हणून खलीफा उमर यांनी तिला हटकल्याच्या परंपराही सांगितल्या जातात. म्हणजे शिरोवस्त्र हे शीलाचे जसे, तसे सामाजिक दर्जाचेही चिन्ह होते. हे चिन्ह इस्लामने नव्याने निर्माण केले असेही नव्हे. मध्य-असीरियन कायद्यात, इस्लामच्या दीड हजारांहून अधिक वर्षे आधी, विवाहित स्त्रीने डोके झाकावे आणि दासीने झाकू नये, असा दंडक होता. ख्रिस्ती धर्मात संत पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी मस्तक झाकण्याचा आग्रह धरला आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत हा नियम होता. गोव्यातील चर्चमध्ये जाणाऱ्या स्त्रिया त्याप्रमाणे डोक्यावर वस्त्र घेत. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. पॉलचे पत्र आहे तेच आहे. त्यावरून काढलेला नियम मात्र बदलला.

मुसलमान विचारवंतांतही असा फेरविचार झालेला आहे. कैरोत १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात कासिम अमीन यांनी चेहऱ्यावरचा पडदा व एकांतवास यांना शास्त्राधार नाही असे प्रतिपादिले. केस उघडे ठेवावेत, असा मात्र त्यांचा आग्रह नव्हता. १९२८ साली लेबनॉनमधील नझीरा झैनुद्दीन या तरुण स्त्रीने याच शास्त्रग्रंथांचा आधार घेऊन पडद्यावर पुस्तक लिहिले. पुढे ईजिप्तचे न्यायाधीश मुहम्मद सईद अल-अश्मावी यांनी, केस झाकणे हे धार्मिक कर्तव्य नसून त्या काळाच्या परिस्थितीशी निगडित आहे, असा पक्ष मांडला. पाकिस्तानातील विद्वान जावेद अहमद गामिदी डोके झाकणे ही चांगली परंपरा मानतात, पण शरीयतची आज्ञा मानीत नाहीत. हे सर्व अल्पमत आहे. अल-अजहरचे प्रमुख शेख तंतावी यांनी डिसेंबर २००३ मध्ये हे कर्तव्य ईश्वरदत्त असल्याचे पुन्हा सांगितले. चेहरा झाकण्यास मात्र ते धर्माज्ञा न मानता केवळ रूढी मानीत.

उरला तिसरा प्रश्न, आणि माणसांचे सुखदुःख गुंतले आहे ते येथे. इराणमध्ये जानेवारी १९३६ मध्ये रझाशहाने पडदा बंद केला. पोलिसांनी स्त्रियांच्या डोक्यावरची वस्त्रे ओढली आणि पुष्कळ स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. त्याच देशात क्रांतीनंतर, १९८३ साली, डोके न झाकणे हा दंडनीय अपराध ठरला. सप्टेंबर २०२२ मध्ये वेषाच्या नियमावरून अटक झालेल्या महसा अमीनी या बावीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला आणि देशभर क्षोभ उसळला. एका राजवटीने वस्त्र ओढून काढले, दुसरीने बळाने घालावयास लावले. स्त्रीला मात्र दोघींनीही विचारले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयांपुढे वेगळ्या मार्गाने आला. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून, धर्माचा अत्यावश्यक भाग असलेल्या आचारास राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे तत्त्व रूढ झाले. त्यामुळे एखादा आचार अत्यावश्यक आहे की नाही हे ठरविण्याचे काम न्यायाधीशांकडे आले. केरळ उच्च न्यायालयाने २०१६ साली एका प्रवेशपरीक्षेच्या प्रकरणात डोके झाकणे हा अत्यावश्यक आचार मानला. कर्नाटक सरकारच्या ५ फेब्रुवारी २०२२ च्या आदेशासंबंधीच्या खटल्यात तेथील उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी उलट निर्णय दिला; त्यात १८७२ साली मुंबईत जन्मलेल्या अब्दुल्ला युसुफ अली यांच्या इंग्रजी भाषांतराचा व टिपांचा विशेष आधार घेतला होता. हा आदेश बेळगावच्या शाळा-महाविद्यालयांनाही लागू होता, म्हणून आपल्यापैकी अनेकांना तो परका नाही. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश योग्य ठरविला. न्या. सुधांशू धुलिया यांनी, या प्रकरणी धर्मशास्त्राच्या निवाड्याची गरजच नव्हती, प्रश्न मुलीच्या निवडीचा व तिच्या शिक्षणाचा आहे, अशी भूमिका घेतली. प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे सोपविले गेले.

एकाच वचनावरून दोन उच्च न्यायालये दोन निष्कर्षांस पोहोचावीत, यात नवल नाही. गृहीत गोष्ट आज्ञेत मोडते की नाही, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही. तो परंपरेला किती अधिकार द्यावयाचा यावर सुटतो. तो अधिकार कोणी किती मानावा, हे श्रद्धावान व्यक्तीने स्वतःसाठी ठरवावयाचे असते. शास्त्रकारांचे एकमत मानणारी मुलगी डोके झाकील. हेतूला प्राधान्य देणारी न झाकील. आणि दोघींच्याही मागे अभ्यासाची परंपरा आहे. घरच्या धाकाने झाकणारी मुलगीही असते, हे शिक्षकाने नजरेआड करू नये. पण ती धाकाने झाकते की श्रद्धेने, हे तिच्या डोक्यावरील वस्त्राकडे पाहून कळत नाही. ते तिच्याशी विश्वासाने बोलूनच कळते, आणि बोलण्यासाठी ती शाळेत असावी लागते.

म्हणून विद्यार्थ्याने विचारले, तर शिक्षकाने उत्तर द्यावे ते असे: कुराणात डोक्यावरच्या वस्त्राचा उल्लेख आहे, केसांचा नाही, जुन्या शास्त्रकारांनी त्यावरून केस झाकणे एकमताने आवश्यक ठरविले, अलीकडील काही अभ्यासक तसे मानीत नाहीत. ही तीन विधाने तिन्ही खरी आहेत. त्यांतील एक सांगून दोन लपविणे सोपे असते. परंतु ते अध्यापन नव्हे.