नाव बदलले, मालगुडी तसेच राहिले : नारायण-ग्रीन मैत्रीतून दिसणारी अभिप्रायाची रीत

म्हैसूर : हस्तलिखिताला दगड बांधून ते थेम्स नदीत बुडवून टाकावे, असा निरोप म्हैसूरमधील एका तरुण लेखकाने ऑक्सफर्डला शिकणाऱ्या मित्राला धाडला होता. लंडनच्या प्रकाशकांचे नकार येतच होते. पूर्णा नावाच्या त्या मित्राने निरोप पाळला नाही. हस्तलिखित त्याने ग्रॅहम ग्रीन या कादंबरीकाराच्या हाती दिले. ग्रीन यांच्या शिफारशीवरून हॅमिश हॅमिल्टन यांनी १९३५ मध्ये ते प्रसिद्ध केले. आर. के. नारायण यांची ही पहिली कादंबरी, ‘स्वामी अँड फ्रेंड्स’.

हे शीर्षकही ग्रीन यांनीच सुचविलेले. मूळ शीर्षक ‘स्वामी, द टेट’ असे होते आणि लेखकाचे नाव नारायणस्वामी. इंग्रज वाचकाच्या जिभेला झेपेल असे छोटे नाव घ्यावे, हा सल्लाही त्यांचाच. पुढील अनेक वर्षे नारायण यांची हस्तलिखिते ग्रीन यांच्या नजरेखालून जात राहिली. शब्द आणि वाक्यरचनेतील खटकणाऱ्या जागा ते दुरुस्त करीत. नारायण यांची त्याला संमती असे.

ग्रीन यांनी कशाला हात लावला नाही, हे मात्र अधिक लक्षणीय. मालगुडी हे काल्पनिक गाव, तेथील शाळा, नदी, आजी, क्रिकेटचा संघ यांपैकी काहीही इंग्रज वाचकाच्या सोयीसाठी बदलण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. लेखकाला काय साधायचे आहे हे आधी ओळखायचे आणि त्या वाटेतील अडथळे नेमके दाखवायचे, अशी ही रीत होती. शिवाय सल्ला देऊन ते मोकळे झाले नाहीत. पहिल्या पुस्तकाची विक्री बेताची झाल्यावर त्यांनी दुसऱ्यासाठी नवा प्रकाशक शोधण्यास मदत केली. १९३७ च्या ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ला प्रस्तावनाही लिहिली.

याच घरात उलट अनुभवही आला. नारायण यांचे धाकटे बंधू, पुढे मुंबईतून ‘कॉमन मॅन’ घरोघरी पोहोचविणारे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशासाठी अर्ज केला होता. त्यांच्या चित्रांत प्रवेशास लागणारी गुणवत्ता नाही, असे उत्तर आले. अशा उत्तरातून नवोदित चित्रकाराला रेषा चुकली की रचना, हे कळत नाही. लक्ष्मण म्हैसूरलाच शिकले आणि थोरल्या भावाच्या कथांसाठी चित्रे काढत राहिले.

अभिप्राय घेणाऱ्याची कसोटी ‘द गाइड’च्या वेळी लागली. १९५६ च्या परदेश दौऱ्यात नारायण यांनी लंडनमध्ये ग्रीन यांना या कादंबरीचे कथानक ऐकविले. उपोषणाला बसलेला नायक राजू शेवटी जगावा की मरावा, याबाबत त्यांचा निर्णय होत नव्हता. तो मेलाच पाहिजे, असे ग्रीन यांचे ठाम मत पडले. नारायण यांनी ते मानले आणि बर्कले येथील मुक्कामात कादंबरी लिहिली. १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

याच कादंबरीवरील १९६५ च्या ‘गाइड’ चित्रपटातील बदल मात्र नारायण यांना रुचले नाहीत. त्यांनी चित्रपटकर्त्यांना म्हैसूर परिसरातील स्थळे हिंडून दाखविली होती. चित्रीकरण झाले ते राजस्थानात. चित्रपट रसिकप्रिय ठरला, त्याची गाणी आजही ऐकली जातात आणि माध्यम बदलले की कथा बदलणारच, हेही खरे. तरी नारायण यांची तक्रार समजण्यासारखी आहे. वाक्ये बदलू देणाऱ्या, नायकाच्या मृत्यूलाही राजी झालेल्या या लेखकाच्या हातून येथे गावच काढून घेतले गेले होते. आपली नाराजी त्यांनी पुढे एका उपरोधिक लेखात मांडली.

चित्रपटात शेवटी पाऊस कोसळतो आणि राजूचा मृत्यू होतो. कादंबरीत तसे नाही. दूर डोंगरात पाऊस पडत असल्याची चाहूल लागल्याचे सांगून राजू पाण्यात कोसळतो आणि कथा थांबते. पाऊस आला का, राजू खरोखरच मेला का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. ग्रीन यांचा सल्ला मानूनही नारायण यांनी शेवटचा शब्द स्वतःकडेच ठेवला होता.