संघनिवडीपूर्वीची तयारी

शाळेच्या बास्केटबॉल संघाची निवड जवळ आली की शेतकऱ्यांची मुले बिचकतात. पालकहो, 'घाबरू नको' एवढ्याने भीती जात नाही. सरावाने ती ओसरते. महिनाभर आधीपासून खळ्याच्या टणक जमिनीवर चेंडू आपटत पळावे. उजव्या मुलांनी डावा हात जास्त वापरावा. बहुतेकांचे तिथेच अडते. भिंतीवर ३.०५ मीटर उंचीवर कडे ठोकावे व भिंतीपासून ४.६ मीटरवरून रोज ५० फेकी मोजाव्यात. उंची कमी असली तरी हरकत नाही. बचावात चपळ आणि सोबत्याला वेळेवर चेंडू देणारे मूल निवडणाऱ्यांच्या नजरेत भरते. मोठ्या मुलींनी सराव ६ नंबरच्या चेंडूने करावा, मुलांच्या ७ नंबरने नव्हे. आदल्या दिवशी मात्र पोती उचलायला लावू नका. चाचणीच्या दोन-तीन तास आधी भाकरी-वरण द्यावे.