पोलाद हवे तिथे, नको तिथे पॉलिमर

ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ साली ‘ग्लॉक १७’ स्वीकारले तेव्हा प्लास्टिकच्या पिस्तुलावर भरवसा कसा ठेवायचा, ही शंका अनेकांनी घेतली. प्लास्टिक पोलादाइतके मजबूत नसते, हे खरेच आहे. पण पिस्तुलाच्या कोणत्या भागाला पोलादाची ताकद लागते, हे आधी पाहायला हवे. ९ मिलिमीटरच्या काडतुसातली दारू पेटते तेव्हा नळीच्या मागच्या टोकाशी हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो. तो झेलतात नळी आणि त्या क्षणी तिच्याशी घट्ट अडकलेली स्लाइड. ग्लॉकमध्ये हे दोन्ही भाग पोलादीच आहेत. गोळी बाहेर पडून दाब ओसरल्यावरच त्यांची पकड सुटते. फ्रेमकडे उरते ते मागे येणाऱ्या स्लाइडला वाट देणे, तिची शेवटची ठोकर सोसणे, मॅगझिन व चापाची यंत्रणा धरून ठेवणे आणि हाताला मूठ पुरवणे. स्लाइड जिथे घासते तिथे पोलादी पट्ट्या फ्रेम ओततानाच तिच्यात बसवलेल्या असतात. बाकीच्या कामाला नायलॉनच्या कुळातले पॉलिमर पुरते.

त्या पॉलिमरची घनता पोलादाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून रिकामे ग्लॉक १७ साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरते, तर जुने पूर्ण पोलादी अमेरिकन ‘१९११’ अकराशेच्या घरात जाते. शिपाई पिस्तूल चालवतो क्वचित, बाळगतो मात्र रोज, तासन्‌तास. त्याच्या कंबरेला हे पावणेपाचशे ग्रॅम चांगलेच जाणवतात. शिवाय घामाने आणि खाऱ्या हवेने पॉलिमर गंजत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत मूठ हाताला चटका देत नाही. कारखान्यात पोलादाचा ठोकळा कोरत बसण्याऐवजी फ्रेम साच्यातून निघते. साचा महाग असतो, त्यामुळे हा फायदा मोठ्या संख्येने उत्पादन झाले तरच मिळतो.

आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आहे तो धक्क्याचा, आणि तो मान्य करायला हवा. गोळीचा संवेग तोच राहिला आणि शस्त्राचे वजन घटले, की ते अधिक वेगाने मागे येते. हा न्यूटनचा नियम आहे. फ्रेम किंचित लवचिक असल्याने हे गणित बदलत नाही. म्हणूनच वेगवान नेमबाजीच्या स्पर्धांत सव्वा किलोहून जड, पूर्ण पोलादी ‘सीझेड शॅडो २’ला मोठी पसंती आहे. पण स्पर्धक ते दिवसभर कंबरेला अडकवून गस्त घालत नाही. दुसरा आक्षेप, अशी पिस्तुले विमानतळावर सापडणार नाहीत हा, नळी आणि स्लाइड पोलादी आहेत एवढ्यानेच निकालात निघतो. अमेरिकेत १९८८ साली धातुशोधकाला न सापडणाऱ्या शस्त्रांवर बंदी आली, तेव्हाही ग्लॉकमधले पोलाद कायद्यातल्या किमान मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त होते. टिकाऊपणाचा प्रश्न उरतो. पोलाद दीर्घकाळ झीज सोसते आणि पुष्कळदा दुरुस्तही होते. तडकलेली पॉलिमर फ्रेम बदलावीच लागते.

या शेवटच्या प्रश्नावर ‘सिग पी३२०’ने काढलेला तोडगा मला सर्वांत विचारपूर्वक वाटतो. अमेरिकी लष्कराने २०१७ साली याच पिस्तुलाची आवृत्ती निवडली. त्यात चापाची यंत्रणा आणि स्लाइडच्या पट्ट्या एका छोट्या स्टेनलेस स्टीलच्या सांगाड्यात असतात. अनुक्रमांक त्याच्यावरच कोरलेला असतो आणि अमेरिकी कायद्याच्या लेखी शस्त्र म्हणजे तो सांगाडाच. भोवतालची पॉलिमरची मूठ लहान-मोठ्या हातांप्रमाणे बदलता येते आणि खराब झाली तर काढून टाकता येते.